तळटीप मोठ्याने वाचता येत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुण्यात राहतात, इतिहास विषयात एम.ए. झाले आहेत आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. सांस्कृतिक इतिहासावर पुस्तके लिहावीत आणि त्याच विषयांवर रेडिओसाठी, पॉडकास्टसाठी बोलावे, अशी त्यांची इच्छा आहे. सुरुवात कशापासून करावी, यावर पोट भरते का, आणि सर्वसामान्य श्रोत्यांसाठी बोलू लागल्यावर संशोधक मंडळी नाक मुरडतील का, असे त्यांनी विचारले आहे. ही दोन्ही कामे मी चाळीसेक वर्षे जोडीने केली आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पोटाचा भाग आधी उरकतो, कारण त्यात फारसे सांगण्यासारखे नाही. मराठीत लेखकाचे मानधन बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठरते; तीनशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर हाती तीस हजार रुपये येतात. माझ्या पहिल्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला नऊ वर्षे लागली. रेडिओवरील भाषणाच्या मानधनातून त्या काळी येण्याजाण्याचा रिक्षाखर्च वजा जाता एखादे जुने पुस्तक विकत घेता येत असे. मी शिकवत होतो, भाषांतरे करत होतो, काही वर्षे एका साप्ताहिकात सदर लिहीत होतो; घर त्यावर चालले. तेव्हा आपण हातातील तास सोडू नयेत, एवढेच सांगतो.

आता मूळ गोष्ट. पुस्तक आणि ध्वनिक्षेपण ही एकाच मजकुराची दोन रूपे आहेत, असे मानून मी सुरुवात केली आणि तोंडघशी पडलो. दोहोंमधला खरा फरक सोपी भाषा आणि अवघड भाषा यांतला नाही. शंका कुठे ठेवायची, हा तो फरक आहे. पुस्तकात आपण वाक्य ठाम लिहितो आणि शंका तळटीपेत ठेवतो. ज्याला हवी तो खाली नजर टाकतो, इतर पुढे जातात, आणि लेखकाच्या पदरी ठामपणा व प्रामाणिकपणा दोन्ही पडतात. माईकपुढे ही सोय नाही. तळटीप मोठ्याने वाचता येत नाही. मग शंका एकतर वाक्याच्या आतच बसवावी लागते, नाहीतर गिळून टाकावी लागते. आणि गिळण्याचा मोह किती मोठा असतो, हे लाल दिवा लागल्यावर कळते.

उदाहरण सर्वांच्या तोंडी असलेलेच घेतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'धरावे' या शब्दातील 'ध'चा आनंदीबाईंनी 'मा' केला आणि 'मारावे' असे झाले, ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 'ध'चा 'मा' करणे हा तर वाक्प्रचारच होऊन बसला. पुस्तकात मी सरळ कथा सांगितली होती आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते की, फेरफार केलेला तो कागद आज कोणालाही दाखवता येत नाही. रेडिओसाठी तेच प्रकरण लिहू लागलो तेव्हा ती तळटीप ठेवायला जागाच सापडेना. कथेच्या आधी सांगावे तर कथेतली हवा जाते, नंतर सांगावे तर श्रोत्याला फसवल्यासारखे होते. चार मसुदे फाडल्यावर जमले ते असे: 'पुण्यात अडीचशे वर्षे एक कागद फिरतो आहे. तो सर्वांनी ऐकला आहे, पाहिलेला मात्र कोणी भेटत नाही.' एवढे म्हणून मग कथा सांगितली. श्रोत्याने ती पूर्वीच्याच चवीने ऐकली, पण तो कथा ऐकतो आहे की दस्तऐवज, हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. पुढे त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी तळटीप काढून टाकली आणि रेडिओवरची ती दोन वाक्ये वर मजकुरात घेतली.

म्हणून 'आधी काय' याचे माझे उत्तर असे आहे की, आधी कागद, मग कान, आणि त्यानंतर पुस्तक. बहुतेक जण पुस्तक आधी लिहितात आणि त्याचे तुकडे पाडून बोलतात. मीही तेच केले आणि दोन पुस्तके उगीच जड करून ठेवली.

कागद आधी, याचा अर्थ मोडी लिपी आधी. पुण्यात राहून हे टाळणे म्हणजे नदीकाठी राहून कोरड्या घशाने बसणे होय. पुणे पुराभिलेखागारात, ज्याला आम्ही अजून पेशवे दफ्तरच म्हणतो, मोडी कागदांची संख्या कोटींत मोजली जाते. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड काढले; तरी ते निवडकच. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी स्थापन केले, तिथला संग्रह वेगळा. पहिल्यांदा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे, सोडताना कोणी जाणते शेजारी असावे. गाठ सुटते, पुडके उघडते आणि कागदाच्या घडीतून टेबलावर बारीक वाळू सांडते. शाई टिपण्यासाठी कारकुनाने दोनशे वर्षांपूर्वी भुरभुरलेली ती वाळू पाहून मी पहिल्या दिवशी फुंकर मारली होती. शेजारच्या वृद्ध वाचकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, पुन्हा कधी फुंकर मारली नाही.

मोडी अक्षरे दोन-तीन महिन्यांत ओळखीची होतात, पण वाचन येत नाही. शिरोरेषा आधी आडवी ओढून घेतलेली असते, तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घ पाळायचे नाही. त्यामुळे शब्द ओळखण्यासाठी तो आधीच माहीत असावा लागतो. म्हणजे फडाची, पेशव्यांच्या कचेरीची भाषा, हिशेबाची भाषा, फारसी शब्दांची मराठी रूपे, हे सारे हळूहळू कानात बसावे लागते. मी 'कानात' म्हणतो ते मुद्दाम. मोडी कागद मोठ्याने वाचल्याशिवाय उलगडत नाही, हा माझा अनुभव आहे. ओठ हलवत वाचणारे जुने मोडीवाचक पाहून आम्ही तरुणपणी हसत असू. ते बरोबर होते.

तारखांचे प्रकरण तर याहून कठीण, आणि माझी सर्वात जाहीर चूक तिथेच झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पेशवेकालीन लग्नखर्चावर एक भाषण दिले. हाती एका घराण्याची यादी होती: गहू, गूळ, तूप, पत्रावळी, सनईवाल्यांची बिदागी. वर सन लिहिले होते 'सबा सबैन मया व अलफ'. अरबी आकडे एककापासून मोजायचे: सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे त्या काळच्या कागदांत येणारा शुहूर सन 1177. शुहूर सनात 599 मिळवले की इसवी सन येतो, हे पाठ होते. मी 1776 असे सांगून मोकळा झालो. भाषण प्रसारित झाल्यावर आठवड्याभरात सासवडहून एक पोस्टकार्ड आले. बोरूने लिहिल्यासारखे टोकदार अक्षर होते. त्यांनी लिहिले होते की, शुहूर सन मृगात, जूनच्या सुरुवातीस पालटतो, आपण स्वतःच लग्न फाल्गुनातले असल्याचे सांगितले, फाल्गुन येईपर्यंत इसवी सन पालटलेला असतो, तेव्हा 600 मिळवावेत आणि 1777 म्हणावे. खाली एक ओळ होती: 'बाकी भाषण ठीक.'

चूक एका वर्षाची. लग्न मात्र प्रत्यक्षात झाले त्याच्या वर्षभर आधीच मी लावून दिले होते, आणि त्या वर्षीच्या धान्याच्या भावावरून काढलेला माझा निष्कर्षही त्यासरशी कोसळला होता. पुस्तकात ही चूक झाली असती, तर कदाचित पंधरा वर्षांनी एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेत कोणी दाखवली असती. इथे आठ दिवसांत दाखवली गेली. ज्या मंडळींना वाटते की, रेडिओवर बोलणारा अभ्यासक सुटतो, त्यांनी पुण्याच्या परिसरात एकदा चूक करून पाहावी. ते पोस्टकार्ड मी तारखा जुळवण्याच्या जंत्रीत खूण म्हणून ठेवले आहे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर यातच आले, पण आणखी थोडे लिहितो, कारण 'विद्वान' आणि 'वक्ता' यांची फारकत पुण्यात तरी जुनी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती अभ्यासकाने लोकांपुढे उभे राहावे यासाठीच. त्याही आधीपासून कीर्तनकार हे काम करत होते, आणि मला विचाराल तर ध्वनिक्षेपणाचे पहिले धडे त्यांच्याकडूनच घ्यावेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. पूर्वरंग लांबला की मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधू लागतात. माझ्या पहिल्या भाषणाचा मसुदा वाचून आकाशवाणी केंद्रावरील कार्यक्रम अधिकाऱ्यांनी एवढेच म्हटले होते, 'अहो, दहा मिनिटांतली सात मिनिटे पूर्वरंगातच गेली की तुमची.' खरेच गेली होती. विषयाची व्याप्ती, पूर्वीच्या अभ्यासकांचे ऋण, साधनांच्या मर्यादा, आणि मग घाईघाईने विषय.

पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले आणि दोनच वर्षांत, 1 एप्रिल 1955 पासून, तिथून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' वर्षभर प्रसारित झाले. एकूण 56 गीते. त्याची आठवण मी इतिहासकारांना वेगळ्याच कारणासाठी करून देतो. वर्षभर लोक ठरल्या वेळी रेडिओपुढे बसले, तेव्हा कथा त्यांना आधीच पाठ होती. 'पुढे काय झाले' हे ऐकायला कोणी बसले नव्हते. कसे सांगतात, ते ऐकायला बसले होते. पेशवाईचेही तसेच आहे. आपल्या श्रोत्याला गोष्ट ठाऊक असते. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीतील ठाऊक नसलेला कोपरा दाखवायचा, आणि तो कोपरा किती अंधारा आहे हेही सांगायचे, एवढेच आपले काम उरते.

प्रत्यक्ष लिहिण्याविषयी काही सांगतो. माझ्या वेगाने दहा मिनिटांना अकराशे शब्द लागतात. नावे आणि आकडे जास्त असतील तर हजारच. 'ज्यांनी ज्यांना ज्या कारणासाठी' अशी वाक्ये कागदावर सुबक दिसतात, कानाला मात्र ती दोरा तुटलेल्या मण्यांसारखी लागतात. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एका श्वासाहून अधिक अंतर पडू देऊ नये. एका वाक्यात एकच सन सांगावा. 'वरील', 'खालील', 'उपरोक्त' हे शब्द पानावरचे आहेत, कानाला वर-खाली नसते. कागद एका बाजूनेच लिहावा, टाचणी काढून ठेवावी आणि संपलेले पान उलटण्याऐवजी हळूच बाजूला सरकवावे. पान फडफडल्याचा आवाज माईकवर पत्रा वाजल्यासारखा येतो. या गोष्टी कोणीही दोन दिवसांत शिकतो.

जे शिकायला मला वर्षे लागली, ते वस्तूंविषयी. सांस्कृतिक इतिहास म्हणजे निम्मा वस्तूंचा इतिहास, आणि रेडिओला डोळे नाहीत. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते मला फार प्रिय. दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून घराघरांतून दिवे, कंगवे, दौती, अडकित्ते गोळा केले आणि आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने तो संग्रह उभा केला. त्या अडकित्त्यांवर मी भाषण लिहिले: घोड्याच्या आकाराचा, मिथुनाचा, पितळेचा, नक्षी अशी, मूठ तशी. पाच मिनिटे वर्णन. अधिकारी म्हणाले, 'दिसत नाही काहीच.' मग मी घरून अडकित्ता घेऊन गेलो आणि माईकसमोर सुपारी कातरली. आधी पात्याखाली सुपारी फुटल्याचा जाड आवाज, मग बारीक कातरीचा भराभर येणारा करकर आवाज. त्याबरोबर ओसरी, पानाचे तबक, पाहुण्यांची बैठक, सारे काही आपोआप उभे राहिले. मी खुशीत होतो. तेवढ्यात त्याच अधिकाऱ्यांनी विचारले, 'हा अडकित्ता त्या काळचा का?'

तो तुळशीबागेतून आणलेला, तीन वर्षांपूर्वीचा होता. पाते पोलादी पत्र्याचे. जुन्या ओतीव अडकित्त्याचा आवाज याहून वेगळा येत असणार. आवाज ऐकवून मी श्रोत्याच्या मनात एक पुरावा तयार करत होतो आणि तो खोटा होता. शब्दांतली शंका सांभाळणारा माणूस ध्वनीत सरळ थाप मारून मोकळा होत होता. शेवटी आम्ही तो आवाज ठेवला, पण त्याआधी 'हा आमच्या घरचा अडकित्ता, कालपरवाचा. जुन्याचा आवाज कदाचित याहून जड असेल' असे वाक्य घातले. गंमत म्हणजे त्यानंतर तीन श्रोत्यांनी आपापल्या घरातले जुने अडकित्ते आहेत, येऊन ऐकून जा, असे कळवले. मी गेलो. आवाज खरोखरच जड होता. आजकाल घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट आणि मागे शंखनाद लावून इतिहास ऐकवण्याची रीत पडली आहे. त्याबद्दल माझी तक्रार कर्कशपणाची नाही. त्या टापा कुठल्या, हे कोणी सांगत नाही, ही आहे.

श्रोत्यांकडून परत येणारे हे साहित्य हा या धंद्यातला सर्वात मोठा लाभ आहे आणि त्याचा हिशेब कोणत्याही मानधनात धरता येत नाही. कात्रजच्या नळाचे उदाहरण देतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शहरात आणले गेले. सारा प्रवाह उतारावर, मध्ये ठिकठिकाणी हवा सुटण्यासाठी उच्छ्वास, शेवटी शनिवारवाडा आणि पेठांतले हौद: काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद, नानांचा हौद. मी यावर भाषण केले ते बांधकामाच्या अंगाने. चढ-उतार, चुना, गाळ बसण्याची सोय, खर्च. त्यानंतर एका वृद्ध बाईंचे पत्र आले. त्यांचे बालपण हौदाशेजारच्या वाड्यात गेले होते. त्यांनी लिहिले की, हौदावर पाणी भरायला कोणी कुठल्या बाजूने उभे राहायचे हे ठरलेले असे आणि काही जणांना ती बाजूच नव्हती. त्यांच्यासाठी कोणीतरी वरून पाणी ओतायचे. आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पूर आल्यावर, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा, त्याच हौदावर सगळ्यांच्या घागरी एका रांगेत आल्या. त्यांच्या आईला ते पाहवले नाही आणि आजीने मात्र मुकाट्याने घागर पुढे सरकवली.

हे माझ्या भाषणात नव्हते. पुस्तकात जाणार होते त्या प्रकरणातही नव्हते. चुना आणि उतार यांच्याविषयी मला सगळे माहीत होते आणि पाणी कोणाला मिळत होते, हे मी विचारलेलेच नव्हते. ज्या शहरात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, त्या शहराच्या पाण्यावर बोलताना हे सुटावे, याची आजही लाज वाटते. पुस्तकातले प्रकरण मी नव्याने लिहिले. पण त्या बाईंची आठवण जशीच्या तशी पुरावा म्हणून घेतली नाही. आठवण म्हणूनच घेतली: कोणी सांगितली, किती वर्षांनी सांगितली, त्यांचे वय तेव्हा किती होते, हे सारे वाक्यातच. बाजू ठरलेल्या असल्याचे इतर दोन वाड्यांतील वृद्धांनीही सांगितले. आजीच्या घागरीला मात्र त्या एका पत्राखेरीज आधार नाही, आणि तसे लिहिले आहे. ते प्रकरण लोकांना आवडले ते त्या घागरीमुळे, असे मला अनेकांनी सांगितले.

दूरचित्रवाणीविषयी मी थोडेच लिहितो, कारण माझे तिच्याशी फारसे जमले नाही. चित्र दाखवता येते म्हणून वस्तूंचा प्रश्न सुटेल, असे वाटले होते. पण चित्राला रिकामी जागा सोसवत नाही. जिथे पुरावा नाही तिथेही काहीतरी दाखवावेच लागते, आणि मग भाड्याचा अंगरखा घातलेला नट खिडकीतून बाहेर बघताना दिसतो. एका वाहिनीसाठी शनिवारवाड्यावर कार्यक्रम करायचा होता. मी 1730 सालच्या पायाभरणीपासून 1828 च्या आगीपर्यंत टिपणे काढून नेली. दिग्दर्शकांना पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी 'काका, मला वाचवा' ही हाक हवी होती. मी सुचवले की, ही दंतकथा लोकांत कशी रुजत गेली यावर बोलतो, तो खरा सांस्कृतिक इतिहास आहे. त्यांनी मान डोलावली, तासभर माझे बोलणे टिपले आणि प्रसारित झालेल्या कार्यक्रमात माझे एकच वाक्य होते: 'अशी हाक ऐकल्याचे लोक सांगतात.' वाक्य माझेच, शब्दही माझेच, फक्त पुढचे 'पण' कापलेले. तेव्हापासून मी 'पण' वाक्याच्या शेवटाकडे ठेवत नाही. 'या हाकेला कोणत्याही समकालीन कागदाचा आधार नसला तरी लोक ती ऐकल्याचे सांगतात' असे बोलले की, कात्री कुठे लावावी हे संकलकाला सुचत नाही. शंका वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात ठेवावी; ही युक्ती आपण आजच टिपून ठेवा.

पॉडकास्टमध्ये हा कापाकापीचा त्रास नाही, सगळे आपल्याच हाती असते. तिथली अडचण उलट आहे. दहा मिनिटांची मर्यादा नाही, 'दिसत नाही काहीच' म्हणणारा अधिकारी नाही, मसुदा आधी मागणारे कोणी नाही. मी अलीकडे काही तरुणांचे कार्यक्रम ऐकतो. अभ्यास चांगला असतो, उत्साह असतो, आणि सत्तर मिनिटांतली तीस मिनिटे पूर्वरंगात जातात. त्याहून वाईट म्हणजे, समोर माईक आणि मित्र असला की गप्पांच्या ओघात 'असावे'चे 'होते' होऊन जाते. लिहिलेल्या मसुद्यात हे क्रियापद डोळ्यांना खटकते, गप्पांत खटकत नाही. म्हणून बोलायचे उत्स्फूर्त असले तरी तीन गोष्टी लिहून समोर ठेवाव्यात: जे कागदावर आहे ते, जे मी अनुमानाने म्हणतो ते, आणि जे लोक सांगतात ते. प्रत्येकासाठी क्रियापद ठरवून टाकावे. माझे ठरलेले असे: 'आहे', 'असावे' आणि 'म्हणतात'. मराठीने ही तीन क्रियापदे आपल्याला फुकट दिली आहेत.

स्वतःचे ध्वनिमुद्रण आणि मसुदे स्वतःकडे तारीखवार ठेवावेत, हेही सांगायला हवे. पूर्वी टेप महाग असे आणि ती पुसून पुन्हा वापरली जात असे. माझी सुरुवातीची कित्येक भाषणे फक्त कागदावर शिल्लक आहेत आणि काही तिथेही नाहीत. करारपत्रावर सही करताना पुस्तकासाठी मजकूर वापरण्याचा हक्क आपल्याकडे राहतो का, ते वाचून घ्यावे. मी पहिली दहा वर्षे ते वाचलेच नव्हते.

संशोधक नाक मुरडतील का? काही मुरडतील. माझ्याबाबतीत एकाने 'आकाशवाणीचे इतिहासकार' असे म्हटले होते आणि ते मला बराच काळ लागले होते. नंतर त्याच गृहस्थांनी एका श्रोत्याकडून मला मिळालेल्या वंशावळीची प्रत मागितली. मी दिली.

मसुदा तयार झाला की तो घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवावा, ज्याचे हात दुसऱ्या कामात आहेत. माझी पत्नी भाजी निवडत ऐकत असे. गवारीच्या शिरा काढणारा तिचा हात जिथे थांबे तिथे मी समासात बरोबरची खूण करत असे. आणि ती उठून गॅस बघायला जाई, तिथे परिच्छेद कापत असे. मोडीच्या वर्गाला नाव घातलेत तर बोरू स्वतःचा न्यावा, वर्गातले बहुधा झिजलेले असतात.